गोष्टीला हुंकारा

जुलैचा दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. गुजराती मुलखातल्या नवागामची मराठी बालवाडी: एक खोली, एक ओटा, एक पंखा. हजर: मी, बालवाडीच्या बाई, गोष्ट वाचून दाखवायला शिकण्यासाठी आलेली एक वहिनी, तिची पाच वर्षांची मुलगी आणि आणखी सोळा मुलं, त्यातलं एक झोपलेलं. गैरहजर: तीन बायका. मागच्या वेळी त्यांनी नाव दिलं होतं. दोघींच्या घरी माल आला होता, तिसरीने काही कळवलं नाही.

माल म्हणजे साड्या. या भागात पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला जातात आणि बऱ्याच बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात. साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने साफ करायचे. सकाळी गठ्ठा येतो, संध्याकाळी न्यायला माणूस येतो. मधल्या वेळात स्वयंपाक, पाणी आणि मुलं.

मी बँकेत आहे, म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा. नव्याने लागलेल्या लोकांना कामकाज शिकवण्याचं काम बँकेत माझ्याकडेच असतं, आणि लहान मुलांना पुस्तक कसं वाचून दाखवावं याच्या दोन दिवसांच्या शिबिरालाही मी जाऊन आले होते. तिथून मी अकरा मुद्द्यांची यादी आणली. पुस्तक गालाजवळ धरावं, म्हणजे चित्र मुलांना दिसतं आणि आपल्यालाही वाचता येतं. पान उलटण्याआधी थांबावं. प्रत्येक पानावर निदान तीन मुलांच्या डोळ्यांत बघावं. ओळीखालून बोट फिरवावं. आवाज मोठा करण्याऐवजी हळू करून बघावा. वाचताना मुलं शांत असावीत. शेवटी पाच प्रश्न विचारावेत. मला ही यादी फार आवडली होती. जे काम लोक अंगचं समजतात त्याचे तुकडे पाडता येतात, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

बालवाडी चालवणाऱ्या मंडळाला दिवाळीनंतरच्या सत्रापासून एक मदतनीस हवी होती, रोज एक तास वाचून दाखवणारी. चार बायकांनी नावं दिली आणि पहिल्याच महिन्यात एक उरली. ही वहिनी अमळनेरकडची, दहावी झालेली, लग्नानंतर इथे आलेली. गल्लीतले सगळे तिला वहिनीच म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. तिने पहिल्या दिवशी उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. कात्रीच्या कडीने तिथे घट्टा पडला होता.

"मॅडम, मला रोज एक तास असं काम पाहिजे, ज्यात मान वर करून बसता येईल," ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं: गरज खरी आहे.

त्या शनिवारी तिने पहिल्यांदा मुलांसमोर वाचलं. पुस्तक सोळा पानांचं. एका शेळीला वाटेत टोपी सापडते आणि भेटेल त्या प्राण्याला ती विचारते, ही तुझी का? बाईंनी मुलांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं होतं. सतरा बोटं सतरा तोंडांवर, झोपलेल्याचंसुद्धा त्याच्या शेजारणीने धरून ठेवलं होतं. वहिनीने पुस्तक बरोबर गालाजवळ धरलं, बोट बरोबर ओळीखाली ठेवलं, आणि पहिलं वाक्य वाचून थांबली.

मला वाटलं, पुढचा शब्द जुळवतेय. मग दुसरं वाक्य वाचलं आणि पुन्हा थांबली. प्रत्येक पूर्णविरामाशी तेच. ती मुलांकडे बघायची, मुलं तिच्याकडे बघायची, आणि मध्ये पंख्याचा आवाज. मी मनगटावरच्या घड्याळात बघून दोन-तीन वेळा मोजलं. एका चांगल्या वाचणाऱ्या माणसाचं अख्खं वाक्य होईल एवढी ती जागा रिकामी जात होती. आठव्या पानावर मुलं चुळबुळायला लागली, बाराव्या पानावर दोघं ओट्यावर गेली. शेळीला टोपीचा मालक सापडला तेव्हा खोलीत नऊच मुलं उरली होती.

मी नोंद केली: अडखळते. वाक्य संपल्यावर दम जातो. घरी रोज दहा मिनिटं सलग वाचनाचा सराव द्यावा.

चौथ्या शनिवारी पुन्हा तेच झालं, फक्त थांबणं थोडं वाढलं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पोरगी चांगली आहे, पण वाचन कच्चं आहे, मंडळाला दुसरी कोणी तरी बघायला सांगू. बाई स्वतः धुळ्याच्या, वीस वर्षं इथे एकटीने वर्ग चालवतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मी एक महिना मागून घेतला.

पण एक गोष्ट मला जुळत नव्हती. त्याच दिवशी निघताना वहिनीने मंडळाचं परिपत्रक माझ्या हातातून घेऊन दारातल्या दोन बायकांना वाचून दाखवलं होतं. ते तिने धडाधडा वाचलं. ज्या बाईला परिपत्रक वाचता येतं तिला शेळी का वाचता येऊ नये?

म्हणून मी रजा टाकून एका बुधवारी दुपारी तिच्या घरी गेले. हे यादीत नव्हतं.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली आणि बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. मागच्या गल्लीत लूम चालू होते, त्यामुळे बोलताना आवाज जरा चढवावा लागत होता. वहिनी गॅलरीत पाय पसरून बसली होती, मांडीवर जांभळी साडी, हातात कात्री. शेजारी तिची सासू दुसरी साडी घेऊन बसलेली. समोर मुलगी आणि शेजारची तीन मुलं. वहिनी गोष्ट सांगत होती, आणि शेळीचीच. पुस्तक जवळ नव्हतं. गोष्ट अहिराणीत चालली होती आणि प्रत्येक वाक्यानंतर एक बारीकसा आवाज येत होता.

"हूं."

तो तिची मुलगी काढत होती. बाकीची तिघं नुसती ऐकत होती. वहिनीची मान खाली, कात्री चालू, एक वाक्य, मग हूं, मग पुढचं वाक्य. मी जिन्यातच उभी राहिले. मध्येच मुलगी शेजारच्याच्या हातातल्या भिंगरीकडे बघायला लागली आणि हूं आलं नाही. वहिनी थांबली. कात्रीही थांबली. मुलीने घाईने हूं म्हटलं आणि दोन्ही पुन्हा सुरू झालं.

बालवाडीतली ती रिकामी जागा मला तेव्हा ओळखू आली. ती अडखळत नव्हती, वाट बघत होती, आणि आम्ही सतरा मुलांच्या तोंडांवर बोटं ठेवून बसवली होती.

मी वर आले, तर वहिनी आधी साडी आवरायला लागली. मी म्हटलं, राहू दे, आणि हे हूं काय आहे ते सांग. तिला वाटलं मी रागावले. म्हणाली, "घरचं आहे ते मॅडम, शाळेत मी नाही करणार." मग सासू मध्ये पडल्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं, चष्मा, पर्स, वही, सगळं.

"हुंकारा नई, ते गोठ नई," त्या म्हणाल्या, म्हणजे हुंकारा नाही तर गोष्टच नाही. "तुमले बँकमा कोनी हां म्हनस नई का?"

मी म्हटलं, बँकेत मी बोलते तेव्हा सगळे गप्प बसतात. त्या हसल्या आणि सुनेला म्हणाल्या की मग या बाईला रोज गोष्ट मध्येच टाकून घरी यावं लागत असेल.

मी वही काढली आणि पुढचा तासभर विचारत बसले. आमच्या नाशिकच्या घरी गोष्टी होत्या, पण हुंकारा माझ्या कानावर कधी पडला नव्हता, किंवा पडला असेल तर मी तो कधीच विसरले होते. सासूबाईंचं सांगणं असं: हुंकारा सगळ्यांनी द्यायचा नसतो, नाही तर गोंगाट होतो. एकाला नेमायचं. त्याने झोपायचं नाही. त्याने चुकवलं तर सांगणारा थांबतो आणि बाकीचे त्याला कोपराने ढोसतात. गावाला अंधारात कोण जागं आहे ते कळावं म्हणून हुंकारा लागायचा, इथे लूमच्या खटखटीत ऐकू गेलं की नाही ते कळायला लागतो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वहिनीने सांगितलेल्या गोष्टीचं. हुंकारा एकसारखा येत नाही. समजलं तर तो छोटा आणि लगेच येतो. पुढे काय याची घाई असली तर वाक्य संपायच्या आत येतो. आणि एखादा शब्द कळला नाही तर उशिरा येतो, शेवटाला जरा वर जातो. तसा आला की ती तो शब्द बदलून पुन्हा सांगते. पुस्तकात ओढा होता. मुलीचा हुंकारा उशिरा आला, तेव्हा वहिनी म्हणाली, "नाला, आपल्या खाडीसारखा, पण त्याच्यात मासे," आणि पुढे गेली. इथे खाडी म्हणजे वस्तीतला घाण पाण्याचा नाला.

मी माझ्या यादीतला अकरावा मुद्दा आठवत बसले. शेवटी पाच प्रश्न विचारावेत. ही बाई दर वाक्याला एक विचारत होती आणि कोणाला कळतही नव्हतं.

त्या रात्री नेहमीप्रमाणे मुलाशी फोनवर बोलताना मी त्याला विचारलं, मी तुला वाचून दाखवायचे ते आठवतं का. तो आता पुण्यात नोकरी करतो. तो म्हणाला, "आठवतं ना. तू वाचताना मी श्वाससुद्धा जपून घ्यायचो. मध्ये बोललं की तू पुस्तक मिटायचीस." मी म्हटलं, असं काही मी करत नव्हते. तो म्हणाला, "बरं, नव्हतीस." मी विषय बदलला, पण ते वहीत लिहून ठेवलं.

ऑगस्टच्या दोन्ही शनिवारी आम्ही नव्याने सुरुवात केली. पुस्तक गालाजवळ तसंच राहिलं, बोटही राहिलं. फक्त प्रत्येक वेळी एका मुलाला हुंकाऱ्यावर नेमलं. पहिल्यांदा सगळ्यांनाच ते काम हवं होतं, त्यामुळे बारी लावावी लागली. ती मी लावली, अर्थातच कागदावर. कोणाचा हुंकारा कसा, हेही मी लिहायला लागले. एक मुलगा वाक्याच्या मध्येच द्यायचा. एकीचा इतका हळू की वहिनीला ओठ बघावे लागायचे. एकाच्या घरी हिंदी बोलतात, तो "अच्छा" म्हणायचा, आणि ते चालून गेलं. वहिनी थांबायची तेवढीच, पण आता त्या जागेत काही तरी पडत होतं आणि ती लगेच पुढे निघायची. शेळीच्या गोष्टीच्या शेवटी सतराच्या सतरा मुलं खोलीत होती.

बाईंना हे पसंत नव्हतं. त्या थेट बोलणाऱ्या आहेत.

"ही शाळा आहे, कीर्तन नाही," त्या मला म्हणाल्या. "जूनमध्ये हीच पोरं पहिलीत जातील. तिथे बाईंच्या प्रत्येक वाक्याला हूं म्हणतील आणि वर्गाबाहेर उभी राहतील. तेव्हा तुम्ही याल का, रजा टाकून?"

मी म्हटलं, गोष्टीचा तास वेगळा आहे हे मुलांना कळतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतं. मुलांना कळतं का ते बघू."

वहिनीला मंडळासमोर एकदा वाचून दाखवायचं होतं. त्यावरच जागा ठरणार होती. दिवस ठरला सप्टेंबरचा दुसरा शनिवार. मंडळाकडून एक गुजराती बेन येणार होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, मूळ बारडोलीच्या. निवड त्यांनी आणि बाईंनी मिळून करायची. मी शिकवणारी, म्हणून मला मत नव्हतं. मागे बसायचं, मध्ये काही बोलायचं नाही, असं बाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. ते मला रास्त वाटलं. मी हो म्हटलं.

मी एक चूक केली. हुंकाऱ्याची बारी कोणाची ते त्या दिवसासाठी लिहून दिलं, पण बाईंना सांगितलं नाही. मला वाटलं, वहिनी सांगेल. वहिनीला वाटलं, मी सांगितलंय. आणि बाईंनी, पाहुण्या येणार म्हणून, सकाळी मुलांना ओळीत बसवून तोंडावर बोट ठेवायला लावलं. बारी जिची होती ती मुलगी पहिल्याच ओळीत होती. तिचं बोट सगळ्यांत घट्ट.

वहिनी चांगली साडी नेसून आली होती. तिने नवं पुस्तक उघडलं. माकडाची गोष्ट होती, झाडावरून उतरायला घाबरणाऱ्या. पहिलं वाक्य वाचलं. थांबली. हुंकारा आला नाही. दुसरं वाचलं. थांबली. पहिल्या ओळीतल्या मुलीने बाईंकडे बघितलं आणि बोट आणखी दाबलं. बेन डोळे बारीक करून ऐकत होत्या. बाईंनी आपल्या कागदावर काही तरी लिहिलं, आणि काय लिहिलं ते मला माहीत होतं, कारण तेच मी जुलैमध्ये लिहिलं होतं.

माझ्या घशापर्यंत हूं आलं होतं. मी ओठ मिटून बसले.

तिसऱ्या वाक्यानंतर वहिनीने पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज गॅलरीतला होता.

"मी थांबली," ती मुलांना म्हणाली. "कोणी हुंकारा दिला नाही तर मी पुढे कशी जाऊ? माकड बसेल तिथेच झाडावर. मला काय, मी घरी जाईन."

मग तिने बाईंकडे वळून, अगदी सरळ, विचारलं, "बाई, एकाने दिला तर चालेल का?"

आता सगळी मुलं बाईंकडे बघत होती. बाईंनी बेनकडे बघितलं. बेन नुसत्या वाट बघत होत्या. मला बाईंचा तेव्हा फार आदर वाटला, कारण पाहुण्यांसमोर स्वतः घालून दिलेली शिस्त मोडणं सोपं नसतं. त्या म्हणाल्या, "एकाने. बाकी बोट खाली, पण गप्प."

पहिल्या ओळीतल्या मुलीने बोट काढलं. त्यावर दातांची खूण उमटली होती. ती म्हणाली, "हूं."

मग माकड उतरलं. त्याला सोळा पानं लागली. मध्ये एकदा ढोली शब्द आला, मुलीचा हुंकारा उशिरा आणि वर जाऊन आला, आणि वहिनीने पुस्तकावरची नजर काढून झाडातलं भोक, पोपटाचं घर, असं सांगितलं आणि पुन्हा ओळीवर आली. बेननी तेव्हा काही तरी लिहून घेतलं. बाराव्या पानाच्या आसपास मला बाजूने आणखी एक हूं ऐकू यायला लागलं, जाड, वयस्कर. बेन देत होत्या. त्यांना स्वतःला ते बहुधा कळत नव्हतं.

नंतर मुलं ओट्यावर गेली आणि आम्ही चौघी चहाला बसलो. बेन वहिनीला म्हणाल्या, "अमारे त्यां पण होंकारा वगर वार्ता नो थाय." आमच्याकडेही हुंकाऱ्याशिवाय गोष्ट होत नाही. त्या चाळीस वर्षं शिकवत होत्या, पण वर्गात त्यांनी तो कधी येऊ दिला नव्हता, असं त्या मला मराठीत म्हणाल्या. का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कोणी मागितलाच नाही.

बाईंचा आक्षेप मात्र पक्का होता, आणि तो त्यांनी वहिनीसमोरच मांडला. ही मुलं तिच्या गल्लीतली आहेत, अर्धी तर तिच्या गॅलरीत वाढली आहेत. त्यांनी हुंकारा दिला यात काय मोठं? मंडळाचा दुसरा वर्ग गोडादऱ्याला आहे. तिथे अहिराणी बोलणारी घरं कमी, हिंदी जास्त, काही ओडिया. मदतनिसाला आलटूनपालटून दोन्हीकडे जावं लागणार. तिथे जमलं तर बाई स्वतः सही करतील.

वहिनीने कप खाली ठेवला आणि विचारलं, "तिथे नाही जमलं तर?"

"तर इथलं पण नाही," बाई म्हणाल्या. "अर्धं काम मी कोणाला देत नाही."

बेनना हे कडक वाटलं, पण त्यांनी विरोध केला नाही. एवढंच ठरवून घेतलं की तिथल्या अनोळखी मुलांतून हुंकारा देणारं एक तरी मूल आधी तयार करू द्यावं, आणि ते काम माझं. वहिनीने तिथे आधी जायचं नाही. बाईंनी ते मान्य केलं. दरवाज्यात वहिनी मला म्हणाली, "ताई, मूल नीट बघा. मोठ्याने देणारं नको. ऐकणारं पाहिजे." तिने मला मॅडम म्हटलं नाही, हे रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी मी गोडादऱ्याला गेले. हजर मुलं बावीस. मी शेळीची गोष्ट वाचली आणि दर वाक्याला थांबले. पहिल्या पानावर कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या पानावर सगळे एकदम ओरडले. तिसऱ्या पानावर एका मुलीने विचारलं की मावशी, तुम्हाला पुढचं येत नाही का. मी म्हटलं, येतं, तू हूं म्हण. ती म्हणाली, हूं, आणि लगेच, आता? मी म्हटलं, आता नाही, मी सांगेन तेव्हा नाही, तुला कळलं की. ती माझ्याकडे बघत राहिली. हे कसं सांगायचं याचे तुकडे मला पाडता आले नाहीत.

एक ओडिया मुलगी होती, खिडकीशी. तिचे ओठ हलत होते असं मला दोनदा वाटलं. आवाज रस्त्यावरच्या टेम्पोत गेला. वर्ग सुटल्यावर ती मोठ्या बहिणीबरोबर निघून गेली आणि तिचं घर कुठे ते मी विचारायच्या आत दोघी वळल्या होत्या.

वहिनीचं गोडादऱ्यातलं वाचन ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. त्याआधी खिडकीशी बसणाऱ्या मुलीचं घर शोधून तिच्या आईला भेटायचं, त्यांच्याकडे गोष्ट सांगताना ऐकणारा काय म्हणतो ते विचारायचं, आणि मुलीला पहिल्या ओळीत बसवायची परवानगी घ्यायची. यातलं काहीही अजून झालेलं नाही.